शमुवेलचं पान

आमच्या दुकानाच्या लाल वहीत
शमुवेल आवळेच्या नावावर एक अख्खं पान आहे.
वरच्या काही ओळी अब्बांच्या,
खालचं अक्षर माझं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत
गिटार घेऊन आलेला तो पहिलाच.
"हिचा भोपळा कुठाय?" अब्बांनी विचारलं.
"पोट हाय की," तो म्हणाला.
सतरा वर्षांचा होता.

मान जोडणे, तुणीचं लाकूड, सरस. नऊ रुपये. बाकी.

मिशन दवाखान्यातली गोरी नर्स मायदेशी जाताना
गिटार त्याच्या आईला देऊन गेली.
आई वॉर्डातल्या फरश्या पुसायची.
वाजवतात कशी ते ठाऊक नाही,
म्हणून दोन वर्षं तिनं गिटारीच्या पोटात चिल्लर टाकली.
नवरा गेला त्या दिवशी उलटी धरून हलवली, आपटली,
मान मोडली ती तेव्हाच.
एक नाणं आतच राहिलं, असं शमुवेल सांगायचा.
हात जोरात पडला की खुळखुळायचं.

तारांचा जोड एक. पहिली तार जादा, तीन.

हे सावळजच्या जत्रेचं वर्ष असणार.
हात चर्चमध्ये तयार झालेला,
गाणी हळदीच्या पोत्यांची, फडावरच्या पाचटाची,
अंकलीच्या पुलावर रात्रभर बंद पडलेल्या ट्रकची.
पाळकसाहेबांनी वेदीपाशी बसू देणं बंद केलं.
बारीवाले म्हणाले, ढोलकी नाही, मग कसलं गाणं लगा?
ड्रायव्हरांनी ऐकलं.
ढाब्यावरच्या खाटेवर एक पाय ठेवून गायचा,
डोळे मिटून नाही, येणाऱ्या गाडीचा नंबर वाचत.

तारा सहा. रोख!

उद्गारचिन्ह अब्बांचं.
त्या साली कॅसेट निघाली, 'फाटक बंद'.
कोल्हापूरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगवाला कावला,
आधी ते नाणं काढ म्हणाला.
चौघांनी गिटार हलवली. निघेना.
"ऱ्हाऊ दे," शमुवेल म्हणाला, "आईचं हाय."
मग तासगाव, विटा, जत,
प्रत्येक वडापच्या जीपमध्ये ती खुळखुळ.
पोरं त्याची नक्कल करताना गाडीच्या किल्ल्या वाजवायची.

पुढं बोटभर जागा कोरी आहे.
नऊ वर्षं.
रूथ माहेरी गेली, तो कारखान्याच्या वजनकाट्यावर पावत्या फाडायला लागला,
संध्याकाळी कुठं बसायचा ते सगळ्या गावाला माहीत.
वहीत त्यातलं काही नाही.
त्यानं काही नेलं नाही,
मी काही लिहिलं नाही.

सहावी तार, एक.

साखरेनं डाव्या हाताची दोन बोटं नेली होती.
दुकानाच्या फळीवर बसून
नुसत्या अंगठ्यानं खर्ज धरायचा
आणि अर्ध्या आवाजात बोलल्यासारखं गायचा.
गल्लीतून एखादा टेम्पो जाताना हॉर्न द्यायचा.
तो वर बघायचा नाही. पण थांबायचा,
हॉर्न संपेपर्यंत.

सहावी तार, एक.
सहावी तार, एक.

परवा त्याची मुलगी एस्तेर आली.
मान पुन्हा सुटलेली.
मी पाठीची फळी उघडली.

नाणं नव्हतं.
अंगठ्याच्या नखाएवढी तुणीची पाचर होती,
तिच्यावर अब्बांची पेन्सिलीची खूण.
जोडताना आत पडली असेल.
त्यांना कळलं नसेल,
किंवा कळलं असेल, आणि नऊ रुपये बाकी म्हणून
गप्प बसले असतील. अब्बांचा काही नेम नव्हता.

बराच वेळ ती तळहातावर घेऊन बसलो.
मग होती तिथं सोडली,
सरस लावला, फळी बसवली, शिकंजे आवळले.

एस्तेरनं नेताना गिटार कानाशी धरली,
हलवली.
"हाय," म्हणाली.

वहीत लिहिलं: मान जोडणे.
रकमेपुढं अजून काही लिहिलेलं नाही.