कोणाकडे जायचंय?

टाच तुटली, म्हणून थांबले.
नाहीतर अकरा वर्षं साओ पावलोच्या याच रस्त्यानं
बँकेत जातेय, मान खाली घालून,
फुटपाथवरच्या काळ्यापांढऱ्या नक्षीतला
निखळलेला दगड चुकवत.

मोची म्हणाला, वीस मिनिटं लागतील.
एका पायावर उभ्या बाईनं
वीस मिनिटं करायचं काय?
वर पाहिलं.

तिथं इमारत होती.
म्हणजे होतीच की, चोपन्न सालापासून,
दारावर पितळी आकडे आहेत.
मजल्यामागून मजला
सिमेंटच्या आडव्या पापण्या,
ऊन अर्धंच आत घेणाऱ्या.
मोजायला लागले, सतराव्यावर चुकले,
पुन्हा पहिल्यापासून.
एका खिडकीत एसीचं खोकं ठोकलेलं.
एकीत नेचा उगवलेला, कुणाला न विचारता.

खालचे खांब बुंध्याशी एक, वर दुभंगलेले.
एकाला हात लावला,
वाटलं होतं गार, गुळगुळीत असेल.
हाताला लाकूड लागलं.
लाकडाच्या शिरा, एक गाठ अंगठ्याएवढी,
सगळं सिमेंटमध्ये.

"साच्याच्या फळ्या पाइनच्या होत्या,"
ओठांत चुका धरून सेउ आन्सेल्मो म्हणाला.
"काम झाल्यावर फुकून टाकल्या मातीमोलानं.
आमचं छप्पर त्यातलंच होतं, गळकं.
बाप इथं गवंडी. बाहियाहून आलेला.
सगळे मजले पायानं चढला.
लिफ्ट बसली, त्याच्या आदल्या आठवड्यात
हिशेब करून मोकळा केला त्याला."
मग ठोकत राहिला. माझ्या टाचेवर
जरा जास्तच जोरात.

एक पाय बुटात, एक उघडा,
तशीच आत गेले.
दरवानानं वही पुढे सरकवली.
कोणाकडे जायचंय?
म्हटलं, कुणाकडे नाही, इमारत बघायचीय.
तो हसला नाही.
"रकान्यात नाव लागतं, सेन्योरा."

दारातूनच ओरडले,
आन्सेल्मो, वडलांचं नाव काय?
हातोडी थांबली.
बसच्या हॉर्नमधून ऐकू आलं,
"झेफेरिनो! का?"

लिहिलं. झेफेरिनो.
मजल्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
आडवी रेघ मारली.

दोन लिफ्ट, त्यातली एक बंद.
दुसरी आली, कुरकुरत.
आत खरं लाकूड, पॉलिश केलेलं,
आणि फरशी गार,
एकाच पायाला.