अठराचे वीस

चेपेलच्या कारखान्यातली ही सायकल
माझ्याकडे आली दोन पोती कांद्यांच्या बदल्यात.
रंग हिरवा, असं कागदावर होतं.
गिअर एक. ब्रेक एक: पायडल उलटं दाबायचं, बास.
याहून जास्त तिला येत नाही.
मलाही.

एकोणीस वर्षं ती मला कार्त्सगच्या शाळेत नेते,
पहाटे साडेपाचला, दोनशे पोरांचं सूप चढवायला,
आणि तीनला परत आणते,
कपड्यांना कांद्याचा वास, कॅरिअरवर उरलेला पाव.

मार्चमध्ये मी ठरवलं, तिसाफ्युरेदला जायचं.
पंचेचाळीस किलोमीटर.
"तिथे कोण आहे तुझं?" कुंपणापलीकडून एतेल्का.
कुणी नाही. पाणी आहे.
"पाणी नळालाही येतं," म्हणाली,
आणि चादरी वाळत घालायला वळली.

लेवेन्ते म्हणाला, आई, बॅटरीवाली घेऊन देतो.
पोरगा गुणाचा आहे.
पण त्याच्या आवाजात तेच होतं
जे माझ्या आवाजात असायचं
त्याच्या डोक्यातून स्वेटर घालताना.
नको म्हटलं.

गाश्पारच्या शेडमध्ये लोणच्याच्या बरण्या,
बरण्यांत छरे, नट, साखळीच्या सुट्या कड्या.
त्याने मागचं चाक उचललं, फिरवलं,
कान लावला, कलिंगडाला लावतात तसा.
"मागे अठरा दात आहेत. वीस घालू."
मी हसले. चढ कुठाय इथे?
आख्ख्या मुलखात उंच म्हणजे
विजेच्या खांबावरचं करकोच्याचं घरटं.
"वारा आहे ना," तो म्हणाला.
"आपला डोंगर तोच. फक्त एका जागी उभा राहत नाही."

वीस घातले. साखळीला दोन कड्या वाढवल्या.
एप्रिलच्या पगारात टायर, जरा जाड.
मेच्या पगारात हँडल, थोडं वर, माझ्या मणक्याच्या मर्जीनं.
जुन्या ताडपत्रीची पिशवी मीच शिवली, सुई दोनदा मोडली.
सीट मात्र तीच. कुरकुरते,
पण तिची आणि माझी बैठक जमलेली आहे.

जूनच्या एका रविवारी निघाले.
कुनमदारशपर्यंत सगळं गोड होतं.
मग गाव संपलं, झाडं संपली
आणि डोंगर आला, समोरून, न दिसता.
गवत सगळं माझ्याकडे वाकलेलं.
बाकीच्यांकडे अशा वेळी बोटाखाली एक कळ असते.
माझ्याकडे मी होते.
मान खाली घातली. एक पायडल, मग दुसरं.
ते दोन वाढीव दात मी मोजल्यासारखे जाणवत होते,
कणीक मळताना घातलेल्या
एका जास्तीच्या चमच्या पाण्यासारखे.
उठून उभी राहिले, बसले, शिव्या दिल्या,
दोनदा उतरून चालले. लाज वाटली नाही.
बघायला होत्या फक्त मेंढ्या.

शेवटी तो बांध, तीन-चार माणसं उंच,
प्रवासातला एकुलता एक खरा चढ.
तोही चढले. बसूनच.
पलीकडे पाणी.
एतेल्काला काय सांगायचं ते जुळवत
अर्धा तास बसले. काही जुळलं नाही.
तळलेला मासा खाल्ला, बोटं चाटली.
लेवेन्तेचे तीन फोन येऊन गेले होते.

आता येताना वारा पाठीशी,
आणि इथे गाश्पारचं गणित उलटलं.
सायकल पळायला लागली, पाय पुरेनात,
पायडलं रिकामी गरगर,
जणू कुणी पुढे धावतंय आणि मी हाका मारतेय.
जाताना जे दोन दात मिळवले
ते परतताना फेडायचे असतात,
हे त्यानं सांगितलं नव्हतं.
कदाचित विचारलं असतं तर सांगितलं असतं.

अठरा असते तर वेगात घरी पोचले असते.
अठरा असते तर गेलेच नसते.

मग मी पाय थांबवले.
पायडलं सपाट धरली, उलटं न दाबता,
आणि नुसती बसून राहिले.
सीट कुरकुरली.
गवत आता माझ्याच दिशेनं चाललं होतं.