डिस्पॅच

चेंडूत हवा भरण्याआधी सुई ओली करावी लागते,
नाहीतर आतला ब्लॅडर फाटतो.
मी जिभेवर ठेवते. लोखंडाची चव.
पहाटे साडेपाच, गंगापूर रोडच्या मागचं सिमेंटचं कोर्ट,
निफाडला म्हणे पारा पाचावर,
आणि अकरा चेंडू पोत्यात गारठून मऊ पडलेले.

आहेर सर साडेसहाला येतील. शिट्टी त्यांची.
माझ्याकडे हजेरीची वही, क्रेप बँडेज,
बर्फाचा थर्मास, पालकांचे फोन.

कॉलेजात मी पॉइंट गार्ड होते. उंची पाच फूट एक.
आईला ते शेवटपर्यंत नीट कळेना.
म्हणजे बास्केट तू टाकतेस?
नाही गं, मी देते.
कुणाला?
जिच्यासमोर मोकळी जागा असेल तिला.
ती सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला होती.
भाकरी थापता थापता थांबली, म्हणाली,
असं सांग ना मग. डिस्पॅच.

शेवटच्या वर्षी जळगावात
उजवीकडे बघत डावीकडे पास दिला.
पास पोचला. गुडघा वाटेतच राहिला.
आवाज फक्त मला आला,
भुईमुगाची शेंग फोडावी एवढाच.

आता रोहिणी बेंडकुळे आहे. पेठची, होस्टेलवर राहते.
मान खाली घालून ड्रिबल करायची,
चेंडू कुणी चोरून नेईल अशी.
मी सांगते, त्याच्याकडे बघू नकोस,
तो कुठं जात नाही. माणसं जातात.
जाळीपलीकडच्या रस्त्यावरून सिटीबस गेली
की पाटी मोठ्यानं वाचायची, चेंडू थांबवायचा नाही.
ठप, ठप, निमाणी.
ठप, ठप, पाथर्डी फाटा.
दोन महिने असं. पोरी हसायच्या,
तिला कंडक्टर म्हणायच्या.

मग धुळे. विभागीय स्पर्धा.
एका गुणानं मागे, अकरा सेकंद.
सरांनी फळीवर बाण काढले, सगळे उजवीकडचे.
पोरी आत गेल्या.
मध्यरेषेवर रोहिणीनं मान वळवली
आणि सरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

डावा कोपरा रिकामा होता.
तिथली त्यांची पोरगी गुडघ्यावर हात टेकून उभी.
स्वेटरच्या खिशात माझी दोन बोटं सरळ झाली,
तेरा वर्षांनी, आपोआप.
दोन म्हणजे डावीकडे.
मी ती बाहेर काढली नाहीत.
का, ते अजून सांगता येत नाही.
सर शेजारी होते म्हणून असेल.

ती पुढं वळली.
उजवीकडे दिला नाही, डावीकडे दिला नाही,
त्यांच्या उंच पोरीच्या काखेखालून, जमिनीवर आपटवून,
थेट वैदेहीच्या हातात.
वैदेहीला अख्ख्या मॅचमध्ये कुणी चेंडू दिला नव्हता.
तीच दचकली.
फळीला लागला, कडेवर फिरला, पुन्हा फिरला,
बाहेर पडला.

पण ती जागा मला दिसलीच नव्हती.

परतताना चांदवडच्या घाटात सर झोपलेले,
शिट्टी पोटावर वरखाली होत होती.
वैदेही मागच्या सीटवर रडत होती
आणि रोहिणी तिला लिंबाच्या गोळ्या सोलून देत होती,
एकापाठोपाठ एक, नको म्हटलं तरी.
नंतर माझ्याशेजारी येऊन बसली.
मॅडम, चुकलं का?
मी म्हटलं, उद्या साडेपाचला ये, चेंडू भरायचेत.
ती खिडकीबाहेर बघायला लागली,
आणि सवयीनं, ओठातल्या ओठात,
पिंपळगाव. ओझर. दहावा मैल.

पोतं उतरवून मोजलं तर दहा.
एक धुळ्यातच राहिला,
बाकाखाली, नाहीतर कुणा पोरानं उचलला असेल.
वहीत माणसांची गैरहजेरी मांडता येते,
चेंडूची कुठं लिहायची?
आई असती तर एवढंच विचारलं असतं:
माल गेला ना?
मग पोच घेतलीस का?