पाकिटातला पुठ्ठा

नाटक पडलं. मॅनेजर गल्ला घेऊन
रात्रीच्या गाडीने पसार झाला, आणि आम्ही सातजणी
झेन्सव्हिलला, मिसेस टकवेलच्या खानावळीत
उधारीचं सूप पीत राहिलो.

तिचा धाकटा, ऑरिन, नऊ वर्षांचा.
पावाचा चुरा मनगटाने सारून
सिगारच्या पेटीतली दौलत टेबलावर मांडतो :
जहाजं, शर्यतीचे घोडे, एक बेसबॉलवाला,
आणि बायका. बायका पुष्कळ.
"सिगारेटी चेमटू नयेत म्हणून घालतात,"
तो मला शिकवतो. "पाकीट ताठ राहतं."

मी मान डोलावते.
ह्याच मानेमागे लोखंडी चिमटा होता तेव्हा,
न्यूयॉर्कात, चौथ्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली,
भर ऑगस्टात.
मोज्यांत कापूस ठासलेला, कारण माझे पाय
फोटोग्राफरच्या मते उपाशी कोंबडीचे.
अर्धीच होडी, फळीला ठोकलेली.
मागे रंगवलेला समुद्र, कोपऱ्यात पोपडे सुटलेला.
हातात वल्हं देऊन तो म्हणाला,
"किनाऱ्यावर कुणी वाट पाहतंय, असं बघ."
किनाऱ्यावर त्याचा पोऱ्या उभा होता
पाव आणि मटण खात.
मी त्याच्या हातातल्या पावाकडे बघितलं.
काय आर्त डोळे, असं पुढे कुणीतरी छापलं.

तीन डॉलर मिळाले. त्यातले दोन बुटांना गेले.
तंबाखूवाल्याला काच कुणी विकली, कितीला,
मला कोण सांगणार?

आणि आता पेटीतून निघते ती मीच,
वल्ह्यासकट, कडा पिवळ्या, तपकिरी वासाची.
खाली नाव : मिस डेलाव्हान.
डेलाव्हान दुसरीच. जाड आवाजाची, बॉस्टनची.
तिच्या फोटोखाली नोरा क्विलिन असेल कदाचित,
आणि कुणी खलाशी तिला नोरा, नोरा म्हणत
उशाशी घेऊन निजत असेल.
निजू दे बापडा.

"ही कशी वाटते तुला?"
ऑरिन नाक मुरडतो. माझ्याकडे बघतही नाही.
"ही? हिच्या चार आहेत माझ्याकडे.
चारी देतो म्हटलं बेसबॉलवाल्यापायी,
तरी लेम्युएल ऐकत नाही."

पडलेल्या नाटकात एक जनरल होता.
त्याच्या कोटाचं पितळी बटण माझ्या खिशात होतं.
पोरगं पक्कं. दोन मागितली.
दिली.
वर मलाच निवडायला लावलं,
तर मी दुमडलेली घेतली, न दुमडलेल्या
त्याला बाजारात चालतील.

सकाळी बुटाच्या तळाच्या भोकावर
होडीसकट स्वतःला बसवलं, तोंड वर करून.
पुठ्ठा चांगला होता. तंबाखूवाले त्यात
कंजुषी करत नाहीत.
रस्ताभर वितळलेलं बर्फ, घोड्यांची लीद, चिखल.
गावच्या पुलाला मधोमध फाटे फुटतात,
तिथे थांबले,
टाच जरा उचलून पाहिली.
मोजा अजून कोरडा होता.