माया

कापड बेतताना शिवणीत बोटभर माया सोडायची,
हे बापानं शिकवलं, लाकडी पट्टी हातावर मारून.
माणूस भरतो, माणूस ओसरतो.
आत माया असली की उसवून पुन्हा शिवता येतं.

कौतिकाच्या पोटावर मी नऊ वर्षं सुई टोचली.
सकाळी बावीस, रात्री अठरा.
कालची जागा सोडून चिमटीत कातडी धरायची,
टोचायचं, दहापर्यंत मोजायचं, मग सुई काढायची.
तेवढ्यात ती बेसनाचा हिशेब सांगून मोकळी व्हायची.
मानोरा फाट्यावर तिची गाडी, आलुबोंडा आणि रस्सा.
स्वतः खायची ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी,
तरी साखर तीनशेच्या वर,
वजन एकशे आठ.
एकदा तिच्या तळपायात बाभळीचा काटा चार दिवस होता.
तिला ठाऊकच नाही.
मीच पाहिला, खाली पडलेली टाचणी शोधताना.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं:
जठराची अंड्याएवढी पिशवी वेगळी करायची,
खालचं आतडं उचलून तिला जोडायचं,
मधला रस्ता वळसा घालून सोडून द्यायचा.
मी म्हणालो, समजलं, हे तर अल्टर.
ते हसले. म्हणाले, हो, पण आमच्याकडे ट्रायल नसते.

चौथ्या दिवशी नर्सनं बोट टोचलं. एकशे अठरा.
तिचा विश्वास बसेना, दुसरं बोट टोचलं.
एकशे बारा.
इन्सुलिन बंद.
वजन तेव्हा एकशे सहा होतं हो!
ब्लाउज तोच, दंडात रुतणारा.
मग साखर गेली कशानं?
डॉक्टर म्हणाले, अन्न आता खालच्या आतड्यात लवकर पोचतं,
तिथून काही निरोप निघतात, ते स्वादुपिंड ऐकतं,
शिवाय सध्या पोटात जातंय तरी काय, चार घोट.
मग जरा थांबून म्हणाले,
सगळं आम्हालाही उमगलेलं नाही.
तिथं मला तो माणूस पटला.

आणि गेली म्हणू नका, म्हणाले. ओसरली म्हणा.
काहींची परत येते, वर्षांनी.

घरी आल्यावर सकाळी साडेसहाला
माझा हात आपोआप फ्रिजच्या दाराकडे जायचा.
दार उघडून उभा. आत थंड उजेड, दही, मिरच्या.
ती चुलीपाशी बसून म्हणाली,
"काहून, करमत नाही का तुमाले मले टोचल्याबिगर?"
मी दार लावलं.

अर्धी वाटी वरण तिला अर्धा तास पुरतं.
लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, जन्मभर.
केस मुठीनं गळाले. गाडीवर बाया म्हणतात,
पोट कापून आली अन् पोरीवानी दिसते,
आणि चार बोंडे बांधून नेतात.
पोळ्याला तिनं पुरणाचे दोनच घास घेतले, लपून.
घामानं भिजली, छाती धडधडू लागली,
ओसरीच्या फरशीवर आडवी पडली.
तासाभरानं डोळे उघडून म्हणाली,
"एक सासू गेली, आता हे दुसरी पोटातच येऊन बसली."

दर पंधरवड्याला तिचा ब्लाउज आत घेतो.
सात महिने झाले.
कापलं काहीच नाही, नुसतं दुमडत गेलो,
आता काखेत चार पदर साठलेत, जाडेभरडे.
"आतून टोचते," ती म्हणते. "कापून फेका न."
मी कात्री धार लावायला पाठवली आहे, असं सांगतो.
कात्री मशीनच्या खणात आहे.

काल ती समोर उभी राहिली, हात वर करून.
बरगड्यांपाशी सैल झालेलं कापड मी चिमटीत धरलं,
टाचणी लावली,
आणि सवयीनं
मनातल्या मनात मोजत राहिलो.
आठ, नऊ.
"झाले का दहा?" तिनं विचारलं.