ओळखीची खूण

फॉर्मवर एक रकाना होता : ओळखीची खूण.
मी लिहिलं, डाव्या मनगटावर तीळ.
दिल्लीच्या लष्करी इस्पितळात
दातांच्या कर्नलनी तीळ बघितलाच नाही.
आ करायला सांगितलं
आणि आरशाची काडी आत घालून मोजत गेले,
पुढच्या दाताला एक गुण, दाढेला दोन.
शेजारी हवालदार आकडे लिहून घेत होता
आडतीवर पोती उतरताना लिहितात तसे.

मध्येच थांबले.
"कुठलं पाणी प्यायलीस?"
कुठलं गाव, असं नाही विचारलं.
मी म्हटलं, हातपंपाचं. किनवटकडचं.
हं, म्हणाले, आणि पुढे मोजू लागले.

आयुष्यभर हसताना तोंडावर हात धरलाय मी.
लातूरच्या क्लासमध्ये, ओळखपत्राच्या फोटोत.
अंबाजोगाईच्या वसतिगृहात पोरींना वाटायचं
ही चोरून मशेरी लावते.
फ्लोरोसिस हा शब्द भेटला तिसऱ्या वर्षी.
पुस्तकात शेजारी फोटो होता,
ओठ बोटांनी मागे ओढलेले, दातांवर तपकिरी पट्टे,
चेहरा कापलेला.
मला वाटलं, आमच्याच आळीतलं कुणीतरी आहे.
त्या सुट्टीत नामदेवकाकांना हाक मारली
तर ते नुसती मान वळवेनात, अख्खे वळले,
दार वळतं तसे.
आधीही तसेच वळायचे. मी आत्ता बघितलं.

बोलावणं आलंय. पंधरा दिवसांत हजर व्हायचं.
आरोग्य केंद्रातलं बॉन्डचं वर्ष
संपायला नऊ दिवस.
बाबा तिथंच अ‍ॅम्ब्युलन्सवर, कंत्राटी, तीन महिन्यांचा पगार थकलेला.
काल त्यांनी गाडी दोनदा धुतली.
आई म्हणाली, "बंदूक देतेत का तुला, का नुसत्या सुया?"
आणि मग बराच वेळ लोकरीची चौकशी करत राहिली.

उपसरपंच मात्र खुर्चीत नीट बसले, म्हणाले,
"हितं डॉक्टर टिकंना, अन् तू बी निघालीस.
तिकडल्या जवानाला ताप येतो, आमाला येत न्हाई का?"
देशसेवा हा शब्द ओठापर्यंत आला,
मी तो परत गिळला.
कारण पगाराचा आकडा मला पाठ होता.
कारण खांद्यावर तारे असले
की कुणी सिस्टर म्हणून हाक मारणार नाही
हाही एक हिशेब होता.
आणि कारण इथे माझ्याकडे
वर्षभर होता एकच ऑक्सिजन सिलिंडर, त्याची चावी हरवलेली.
यातलं काहीच बोलले नाही.
त्यांचा रक्तदाब तपासला.
वाढलेला होता.

तर त्या दिवशी दिल्लीत
गुडघे जुळवून उभं केलं, घोट्यांमधलं अंतर मोजलं.
चार सेंटिमीटर. पाचपर्यंत चालतात.
पाच झाले असते
तर पाण्यानं अडवलं असतं मला.
आणि दात?
"दिसायला खराब, पण कीड नाही एकाला."
बावीसपैकी बावीस.
हवालदारानं आकडा मोठ्यानं वाचला.
जन्मात पहिल्यांदा या दातांना कुणी पैकीच्या पैकी दिले.

आता तो तक्ता एका फायलीत आहे.
फॉरेन्सिकला शिकवलं होतं, सगळं जळालं तरी दात उरतात.
म्हणजे उद्या कुठल्या घाटात, कुठल्या बर्फात
माझं काही सापडलंच
तर तीळ नाही कामाला यायचा.
दात उघडून कुणीतरी विचारेल :
कुठलं पाणी?

आज सकाळी हातपंपावर गेले.
लाल रंगाची फुली कधीच उडालीय,
रंगाचा एक ओघळ तेवढा दांड्याजवळ.
सुमनची धाकटी ओंजळीनं पीत होती,
नुकतेच नवे दात आलेली.
मी म्हटलं, आ कर बघू.
तिनं आधी तोंडावर हात धरला.