चौघांसाठी

खोक्यावर छापलं होतं: चौघांसाठी.
आम्ही सहा.
त्यातली एक वर झोपलेली,
पडदे ओढून, कानांत बोळे घालून,
कारण डेलिथ आता रात्रपाळीला
गोदामात पार्सलं निवडते
आणि संध्याकाळचे सहा म्हणजे तिची मध्यरात्र.

कीश याआधी मी कधी विकत आणली नव्हती.
घरी डेलिथ करायची,
लोणी आणि मैदा बोटांच्या टोकांनी चुरत,
भर थंडीत खिडकी सताड उघडी,
हात गार राहावेत म्हणून.
मला वाटायचं, नखरे.

सुपरमार्केटात गार कपाटापुढे
उभा राहिलो बराच वेळ.
पालकाची, चीज-कांद्याची, की बेकनवाली?
पोर्ट टॅल्बटमध्ये कुणाची नजर चुकवता येत नाही.
मागून प्रॉसरबाई म्हणाल्या,
"गेथिन, खालून ओली राहते हं ती."
मी हसलो नि बेकनवाली उचलली.
पावणेतीन पौंड. वर पिवळी चिकटपट्टी: दीड.

एकशे नव्वद अंश, मधला कप्पा, पंचवीस मिनिटं.
टोमोसनं सगळी मिनिटं पहारा दिला
ओव्हनच्या काचेला जवळजवळ नाक लावून.
ती मधोमध फुगली,
आणि काही बोलायचं ठरवून
माणूस ऐनवेळी गप्प राहतो ना,
तशी खाली बसली.

सोमवारी टोस्ट होते.
मंगळवारी तळलेला मासा, कडक आवरणाचा.
दोन्ही दिवशी डेलिथ दारात उभी,
डोळे लाल, केस एका बाजूला चपटे,
"काही नाही, तहान लागली."

तर भागाकार.
टोमोसनं दप्तरातून कोनमापक काढला.
साठ-साठ अंश, तो कुजबुजला.
नेरिस म्हणाली, माझे साठ कुणीही घ्या, मला भूक नाही.
चौदाव्या वर्षी तिला जेवायच्या वेळी भूक नसते,
रात्री दहाला फ्रिजचा दिवा लागतो.

"हे काय आहे?"
माझे सासरे. एम्रिस.
चाळीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात काढलेला माणूस
हळू बोलत नाही,
हळू बोललेलं त्यांना ऐकूच येत नाही.
चार बोटं चार ओठांवर.
आम्ही सगळे छताकडे बघत राहिलो.
वर पलंग एकदा कुरकुरला.
मग नाही.

लौरीनं वहीचं पान फाडलं,
जीभ बाहेर काढून मोठ्या अक्षरांत लिहिलं:
आम्लेटाचा केक.
आजोबांनी चष्मा चढवून वाचलं,
सरकारी कागद वाचावा तसं, दोनदा,
आणि काटा उचलला.

प्रॉसरबाईंचं खरं होतं.
बुड ओलं, भिजल्या पुठ्ठ्यासारखं,
मध्ये एक थंड बेट राहिलेलं.
डेलिथच्या कीशची कडा दाताखाली मोडली
की बाहेरच्या खोलीत ऐकू जायचं.
ही मोडेना. नुसती वाकली.
आणि घास तोंडात असतानाच माझ्या ध्यानात आलं
की अख्खं घर जेवतंय
आणि आवाज नाही.
एम्रिसनी नेरिसचे साठ अंश ओढून घेतले,
तेसुद्धा आवाज न करता.
लौरी हसू दाबताना लालबुंद झाली.
मी आणखी पाणी वाढलं, ग्लास तिरपा धरून.

उरलेला तुकडा ताटलीखाली झाकून ठेवला.
ती उठली तेव्हा मी वर, लौरीच्या ओल्या केसांत कंगवा.
खाली बुटांचा आवाज, मग दार,
मग गाडी सुरू व्हायला घेते तेवढा वेळ.

सकाळी ताटली धुऊन पालथी.
कचऱ्याच्या डब्यात वाकलेली कडा, दोन इंच.
लौरीच्या कागदावर, केकच्या खाली,
डेलिथचं घाईतलं अक्षर:
मीठ कमी.
आणखी होती का?

मी सामानाच्या यादीत लिहिलं:
कीश, दोन.